गूगल ट्रेंड्सचा रिव्ह्यू: गावात बसून चॅनलचा किंवा ऑनलाइन धंद्याचा विषय ठरवताना

यूट्यूब चॅनल काढायचं असो, इन्स्टाग्रामवर हळद-मिरची विकायची असो की ऑनलाइन क्लास घ्यायचे असोत, पहिला सल्ला एकच मिळतो: ‘आधी नीश ठरव,’ म्हणजे आपला एक नेमका विषय पक्का कर. सल्ला बरोबर आहे, पण नीश ठरवायची कशावरून हे कोणी सांगत नाही. मग दुसऱ्याचं चालतं चॅनल बघून तसंच काढलं जातं आणि ‘शेती माहिती’, ‘सरकारी योजना’, ‘मराठी मोटिव्हेशन’ अशा नावांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडते. अंदाजाऐवजी काहीतरी आधार घेऊन विषय ठरवायचा असेल, तर सगळ्यांत सहज मिळणारं साधन म्हणजे गूगल ट्रेंड्स. फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, मोबाइलच्या ब्राउझरवरही चालतं. २००६ मध्ये ते सुरू झालं. वेब सर्चची माहिती त्यात २००४ पासूनची आहे आणि यूट्यूब सर्चची २००८ पासूनची.

हा रिव्ह्यू विदर्भाच्या ग्रामीण भागातून काम करणाऱ्यांसाठी आहे, म्हणून निकाल त्याच हिशेबाने. हंगाम ओळखण्यासाठी ५ पैकी साडेचार. लोक कोणत्या शब्दांत शोधतात हे कळण्यासाठी ५ पैकी ४. मागणी नेमकी किती मोठी आहे हे कळण्यासाठी २. तालुका पातळीवरचं काही समजण्यासाठी जेमतेम १. हे साधन वापरून हिरमुसलेले बहुतेक जण शेवटच्या दोन गोष्टींसाठी ते वापरत असतात.

१०० म्हणजे किती?

आलेखावर ० ते १०० असे आकडे दिसतात. १०० म्हणजे शंभर लोक नव्हे आणि शंभर टक्केही नव्हे. निवडलेल्या भागात आणि निवडलेल्या काळात झालेल्या एकूण शोधांमध्ये त्या शब्दाचा वाटा जिथे सर्वाधिक होता, तो बिंदू १०० धरला जातो आणि बाकीचे बिंदू त्याच्या तुलनेत मांडले जातात. म्हणून ‘कापूस’ आणि ‘लाखोळी’ हे दोन शब्द वेगवेगळे टाकले तर दोघांचीही टोकं १०० दिसतील, जरी प्रत्यक्षात एक डोंगर आणि दुसरा उंबरठा असला तरी. खरा फरक दोन्ही शब्द एकाच आलेखावर टाकल्यावर दिसतो. त्यामुळे ट्रेंड्समध्ये एकटा शब्द कधी तपासू नये. सोबत एक मोजमापाचा शब्द कायम ठेवावा, ज्याचा आवाका आपल्याला अनुभवाने माहीत आहे. शेतीच्या विषयांसाठी ‘सोयाबीन’ हा चांगला मापदंड आहे. प्रत्येक नवा शब्द त्याच्याशीच ताडून बघायचा.

वाटा मोजला जातो, याचा आणखी एक परिणाम आहे. रेघ खाली आली म्हणजे शोधणारे कमी झाले असं होत नाही. एकूण शोध वाढले आणि आपला विषय होता तेवढाच राहिला, तरी रेघ उतरते. आणि शून्य म्हणजे कोणीच शोधत नाही असंही नाही. ट्रेंड्स सगळे शोध मोजत नाही, त्यांतला एक नमुना घेतं; त्या नमुन्यात दखल घेण्याइतके शोध सापडले नाहीत, एवढाच शून्याचा अर्थ. गावाकडचे कितीतरी चांगले विषय या शून्यात दडलेले असतात.

आलेखाच्या उजव्या टोकाला रेघ तुटक-ठिपक्यांची होते. तो चालू आठवड्याचा किंवा महिन्याचा अपुरा डेटा असतो. त्यावरून ‘विषय उतरला’ असा निष्कर्ष काढू नये.

आधी चार सेटिंग बदला

पान उघडल्यावर ठिकाण, काळ, वर्ग आणि सर्चचा प्रकार अशा चार निवडी मिळतात. पानाची मांडणी अधूनमधून बदलते, पण या चार गोष्टी असतातच. ठिकाण भारतावरून महाराष्ट्रावर आणायचं. व्हिडिओ करणार असाल तर ‘वेब सर्च’च्या जागी ‘यूट्यूब सर्च’ निवडायचं, कारण दोन्हींकडची गर्दी वेगळ्या कामासाठी येते: बाजारभाव बघायला माणूस गूगलवर जातो, फवारणीचा पंप उघडून दुरुस्त कसा करायचा हे बघायला यूट्यूबवर. माल विकणाऱ्याने वेब सर्च आणि शॉपिंग दोन्ही बघावं. वर्गाची निवड शब्दाचे दोन अर्थ असतील तेव्हा कामी येते. एरवी तिला हात लावायची गरज नाही.

काळाची निवड सगळ्यांत महत्त्वाची. ५ वर्षं निवडली तर आठवड्याचे बिंदू मिळतात, ९० दिवस निवडले तर रोजचे, आणि २००४ पासून आजपर्यंत निवडलं तर महिन्याचे. आपल्याकडची मागणी पेरणी आणि सणांच्या मागे चालते, त्यामुळे पाच वर्षांचा आठवडी आलेख हाच मुख्य आलेख मानावा. बारा महिन्यांचा आलेख एकाच हंगामाचा असतो, आणि एखाद्या वर्षी पाऊस उशिरा आला की सगळं पुढे सरकतं.

पंचांगावर चालणाऱ्या विषयांत तर महिन्याचा आलेख सरळ फसवतो. तान्हा पोळ्याचे लाकडी बैल ऑनलाइन विकायचे आहेत, असं समजा. २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्याने पोळा १४ सप्टेंबरला होता, २०२४ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२५ मध्ये २२ ऑगस्टला. महिन्याच्या हिशेबाने बघणाऱ्याला २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मागणी गडप झाल्यासारखी वाटेल. आठवड्याच्या आलेखावर दर वर्षीचं टोक पोळ्याच्या तारखेशी जोडून बघितलं, की मागणी पोळ्याच्या किती दिवस आधी उचल खाते हे कळतं. धंद्याला लागतो तो हाच आकडा. माल तयार ठेवणं, फोटो काढणं आणि जाहिरात लावणं या सगळ्याच्या तारखा पोळ्यापासून मागे मोजत ठरतात.

शब्द आणि टॉपिक

ट्रेंड्समध्ये शब्द टाइप करताना खाली पर्याय येतात. एक ‘सर्च टर्म’ असतो आणि बऱ्याचदा त्याच नावाचा एक ‘टॉपिक’ असतो. सर्च टर्म घेतला तर तुम्ही टाइप केलेलीच अक्षरं मोजली जातात. ‘संत्रा’ लिहिलं तर ‘संत्री’ धरलं जात नाही, चुकीचं स्पेलिंग धरलं जात नाही, आणि रोमन लिपीत लिहिलेलं मराठी तर नाहीच. टॉपिक घेतला तर त्या वस्तूबद्दलचे वेगवेगळ्या भाषांतले आणि वेगवेगळ्या स्पेलिंगचे शोध एकत्र मोजले जातात.

ग्रामीण विषयांसाठी हा फरक फार मोठा आहे. आपल्याकडे एकच माणूस सकाळी देवनागरीत शोधतो आणि संध्याकाळी रोमन लिपीत. म्हणून क्रम असा ठेवावा: विषयाचा जीव बघायचा असेल तेव्हा टॉपिक घ्यायचा, आणि व्हिडिओचं शीर्षक ठरवायचं असेल तेव्हा सर्च टर्म. शीर्षकासाठी देवनागरीतला शब्द, तोच रोमन लिपीतला शब्द आणि हिंदी शब्द असे तीन एका आलेखावर टाका. जो वर राहील तो शीर्षकात, बाकीचे दोन वर्णनात. टॉपिकमध्ये एक धोका आहे: महाराष्ट्रातले हिंदी आणि इंग्रजीत शोधणारेही त्यात येतात. ‘कापूस’ हा टॉपिक घेतला तर कापसाचं कापड आणि मेडिकलमधला कापूस शोधणारे शहरी लोक त्यात मिसळतात की काय, ही शंका ठेवावी. खाली येणारे संबंधित शोध वाचले की शंका फिटते.

एकाच गोष्टीची अनेक रूपं एका रेघेत आणायची असतील तर शब्दांमध्ये अधिकचं चिन्ह द्यायचं: ‘संत्रा + संत्री + संत्रे’. नको तो अर्थ वगळायचा असेल तर वजाचं चिन्ह. आपल्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, पण तो शब्द टाकला की इडलीसोबतचं सांबार शोधणारे सगळे हजर होतात. ‘सांबार वडी’ हे दोन शब्द मिळून दुहेरी अवतरणचिन्हांत घातल्याशिवाय त्या रेसिपीचा खरा अंदाज येत नाही. ‘पुडाची वडी’ (सांबारवडीचंच दुसरं नाव) आणि ‘कोथिंबीर वडी’ हे शब्दही शेजारी टाकून बघावेत. कोथिंबीर वडी हा वेगळा पदार्थ असला तरी पुण्या-मुंबईकडचा प्रेक्षक याच नावाने शोधत येतो, आणि त्यांना आपली वडी दाखवायची असेल तर शीर्षकात दोन्ही नावं लागतात.

‘रायझिंग’ची यादी जपून वाचा

आलेखाखाली संबंधित शोध दोन प्रकारे मिळतात: ‘टॉप’ म्हणजे सर्वाधिक शोधलेले, आणि ‘रायझिंग’ म्हणजे आधीच्या तेवढ्याच काळाच्या तुलनेत सर्वाधिक वाढलेले. ५,००० टक्क्यांहून जास्त वाढ असेल तर आकड्याच्या जागी ‘ब्रेकआउट’ लिहिलेलं येतं. नवशिके ब्रेकआउट दिसला की त्यावरच व्हिडिओ करतात. पण मूळ संख्या अगदी कमी असेल तर थोडे शोध वाढले तरी टक्केवारी फुगते, आणि ब्रेकआउटमधले बरेच शब्द एखाद्या बातमीमुळे किंवा योजनेच्या घोषणेमुळे आलेले असतात. आठवड्याभरात ते विझतात.

पोलीस भरती हा याचा नमुना. विदर्भातल्या गावागावांत पहाटे मैदानावर धावणारी मुलं-मुली दिसतात, तेव्हा मागणी खरी आहे यात वाद नाही. पण आलेख बघा: जाहिरात निघाली की भिंतीसारखी उभी रेघ, भरती संपली की सपाट. त्यात मोठ्या अकॅडम्यांची चॅनलं वर बसलेली. ‘पोलीस भरती’ हा नीश म्हणून घेऊ नये. त्याच्या आतला तुकडा घ्यावा: मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण मुलांच्या १६०० मीटर धावण्याला असतात; गावाकडच्या डांबरी रस्त्यावर किंवा नांगरलेल्या शेताच्या बांधावर ट्रॅक नसताना त्याची तयारी कशी करायची, नडगी दुखायला लागली की सराव किती कमी करायचा, गोळाफेकीचा सराव एकट्याने कसा करायचा. हा विषय जाहिरात नसतानाही चालतो, कारण सराव बारा महिने चालतो. लेखी परीक्षेच्या बाजूला गर्दी आहे, मैदानाच्या बाजूला त्या मानाने कमी.

सगळ्यांत कच्चा भाग: शहरांची यादी

महाराष्ट्र निवडल्यावर कोणत्या शहरात किती रस आहे याची यादी येते. ती बघून ‘आपल्या विषयाला अमुक गावात सगळ्यांत जास्त मागणी’ असं ठरवू नका. इथेही मोजला जातो तो वाटाच. छोट्या शहरात एकूण शोध कमी असतात, त्यामुळे तिथे आपल्या विषयाचा वाटा मोठा दिसतो. प्रत्यक्ष शोधणारी माणसं नागपुरात जास्त असू शकतात. दुसरं असं की मोबाइल नेटवर्कवरून शोधणाऱ्याचं ठिकाण ढोबळच धरलं जातं. शेतात बसून शोधणारा माणूस यादीत कोणत्या शहराच्या नावावर जमा झाला, याचा भरवसा नाही. आणि यादीची खालची टोकं नमुन्याप्रमाणे बदलतात: आज बघितलेली यादी आणि पुढच्या आठवड्यातली यादी वेगळी निघते.

विषय अरुंद करत गेलं की ‘पुरेसा डेटा नाही’ असा संदेश येतो. ‘सोयाबीन’ दिसतं, ‘सोयाबीन चक्रभुंगा’ टाकलं की आलेख तुटक होतो, त्याला एखादं शहर जोडलं की काहीच उरत नाही. अशा वेळी एक पायरी वर यायचं: शहराऐवजी राज्य, बारा महिन्यांऐवजी पाच वर्षं, वाक्याऐवजी शब्द. हंगाम वरच्या पायरीवरून घ्यायचा आणि नेमका प्रश्न दुसरीकडून शोधायचा.

दुसरीकडे म्हणजे कुठे

यूट्यूबची शोधपट्टी. ब्राउझरची इनकॉग्निटो खिडकी उघडायची, म्हणजे आपल्या जुन्या आवडीनिवडी मध्ये येत नाहीत. ‘सोयाबीन बियाणे’ असं लिहून थांबायचं आणि खाली येणारे पर्याय वहीत उतरवायचे. मग पुढे एकेक अक्षर जोडत जायचं. हेच रोमन लिपीत पुन्हा. अर्ध्या तासात लोकांच्या तोंडचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत हाती येतात. हे काम ट्रेंड्स करत नाही, आणि माझ्या मते विषय निवडण्यातला हा सगळ्यांत मोलाचा अर्धा तास आहे.

प्रत्येक प्रश्नासाठी वरचे दहा व्हिडिओ उघडून बघायचे. त्यात मराठी किती? गेल्या वर्षभरातले किती? कोरडवाहू काळ्या जमिनीला लागू होणारे किती, आणि ठिबक असलेल्या बागायतदारासाठी केलेले किती? सबस्क्रायबर कमी असलेल्या चॅनलच्या व्हिडिओला त्याच्या सबस्क्रायबरपेक्षा कितीतरी जास्त व्ह्यूज असतील, तर लोक चॅनल बघून आलेले नाहीत, प्रश्न घेऊन आलेले आहेत. असे दोन-तीन व्हिडिओ सापडले की विषयात जागा आहे असं समजायला हरकत नाही. दहाही व्हिडिओ मोठ्या चॅनलचे आणि ताजे असतील तर तो प्रश्न सोडून द्यावा.

संख्येसाठी गूगलचंच कीवर्ड प्लॅनर वापरता येतं. त्याला गूगल अॅड्सचं खातं लागतं. जाहिरातीवर खर्च न करणाऱ्याला नेमका आकडा मिळत नाही. महिन्याला १०० ते १,००० किंवा १,००० ते १०,००० असे पट्टे मिळतात. पट्टा रुंद असला तरी ट्रेंड्सच्या १०० पेक्षा त्यातून धंद्याचा आवाका जास्त कळतो. तिथे भाषा मराठी आणि ठिकाण महाराष्ट्र करायला विसरू नये. पैसे भरून घेण्याच्या कीवर्ड साधनांची सुरुवातीला गरज नाही.

एक विषय शेवटपर्यंत तपासून

सोयाबीन घेऊ. ठिकाण महाराष्ट्र, काळ पाच वर्षं, यूट्यूब सर्च, टॉपिक ‘सोयाबीन’. पेरणीच्या सुमाराला एक उंचवटा आणि काढणी-विक्रीच्या सुमाराला दुसरा, असे दोन दिसतात का, आणि त्यांतला मोठा कोणता, हे आधी बघायचं. मग दोन्ही उंचवट्यांच्या काळातले संबंधित शोध वेगवेगळे उघडायचे. भावाचे शोध एका बाजूला ठेवा, लागवडीचे दुसऱ्या बाजूला. भाव हा विषय रोजचा आहे. सकाळी टाकलेला व्हिडिओ संध्याकाळी शिळा होतो, बाजार समित्यांचे दर रोज गोळा करावे लागतात, एक दिवस खंड पडला की प्रेक्षक दुसरीकडे जातो. एकट्याने चालवायला तो जड आहे. लागवडीचा व्हिडिओ मात्र पुढच्या वर्षीही चालतो.

लागवडीतही ‘सोयाबीन लागवड संपूर्ण माहिती’ हा विषय घेऊ नये. त्या नावाचे व्हिडिओ खंडीभर आहेत. घरच्या बियाण्याची उगवण क्षमता तपासणं हा तुकडा घ्या. तो पाच मिनिटांत दाखवता येतो: ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे, गोणपाट गुंडाळून सावलीत, वरून पाणी शिंपडत ओलावा टिकवायचा, आठवड्याने निरोगी कोंब मोजायचे. ७० किंवा जास्त उगवले तर एकरी ३० किलो बियाणं. ६३ उगवले तर ३० गुणिले ७० भागिले ६३, म्हणजे ३३ किलोच्या आसपास. ६० च्या खाली आलं तर ते बियाणं पेरायचं नाही. प्रेक्षकाला हिशेब करून दाखवला की तो व्हिडिओ जपून ठेवतो आणि गावच्या ग्रुपवर टाकतो.

आता तारीख. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये अशी शिफारस असते, म्हणजे साधारण जूनचा दुसरा पंधरवडा. ट्रेंड्सवर सोयाबीनचं टोक जूनमध्ये दिसलं म्हणून जूनमध्ये व्हिडिओ टाकला तर उपयोग संपला. तपासणीला एक आठवडा, बियाणं नापास झालं तर दुसरं शोधायला आणि पैशाची सोय करायला आणखी दोन आठवडे. थोडे दिवस हाताशी धरून व्हिडिओ १० ते १५ मेच्या दरम्यान हवा. आलेखाचं टोक सांगतं लोक कधी शोधतात. व्हिडिओ कधी हवा हे शेतकऱ्याच्या तयारीचे दिवस वजा केल्यावर कळतं. ट्रेंड्स वापरणाऱ्यांची सर्वांत जास्त चूक इथेच होते. कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीचंही तसंच. बोंडं किडलेली दिसल्यावर शोध वाढतो, पण कामाचा व्हिडिओ त्याआधीचा: हेक्टरी ५ कामगंध सापळे कधी लावायचे, आणि सलग तीन रात्री सापळ्यात सरासरी ८ पतंग आले की पुढे काय करायचं.

मोर्शी-वरूड पट्ट्यात बसून संत्र्यावर काम करायचं असेल तर आंबिया आणि मृग असे दोन बहार म्हणजे दोन वेगळी वेळापत्रकं. ताण तोडणं, फळगळ, डिंक्या, कोळशी, प्रत्येकाचा आठवडा वेगळा. वर्षभराचे चाळीस विषय एकाच पिकातून निघतात. माहिती मात्र तपासून द्यावी. नागपुरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे; औषधाचं प्रमाण सांगण्याआधी त्यांची शिफारस बघणं ही चॅनलवाल्याची जबाबदारी आहे. चुकीचं प्रमाण ऐकून बाग होरपळली तर तो शेतकरी परत येत नाही, आणि यायलाही नको.

माल विकणाऱ्यांसाठी

ट्रेंड्सवर मागणी दिसली म्हणजे माल विकला जाईल, असं नाही. माहिती शोधणारा आणि विकत घेणारा वेगळा. शब्दासोबत ‘किंमत’, ‘ऑनलाइन’, ‘कुठे मिळेल’ असे शोध येतात का ते बघावं. वायगाव हळद, भिवापूर मिरची, नागपुरी संत्रा यांना भौगोलिक मानांकन आहे, म्हणून ही नावं शोधली जातात. पण मानांकनाचं चिन्ह लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. खाण्याच्या वस्तूच्या पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, नंबरही हवाच.

विषय निवडतानाच वाहतुकीचा हिशेब करावा, हे ट्रेंड्स कधीच सांगणार नाही. लाकडी बैलाचं उदाहरण पुन्हा घेतो. बैल ९०० ग्रॅमचा, पण शिंगं आणि चाकं मोडू नयेत म्हणून खोका ३० × २० × २० सेंटिमीटरचा. बहुतेक कुरिअर घनमापाला ५,००० ने भागून वजन धरतात: १२,००० भागिले ५,०००, म्हणजे २.४ किलो. ९०० ग्रॅमच्या मालावर २.४ किलोचं भाडं. शिंगं आणि चाकं सुटी करून बसवता येतील असा बैल करून घेतला, तर खोका निम्मा होतो आणि हाच धंदा परवडायला लागतो. त्यातही पोळ्यानंतर पोचलेला बैल हमखास परत येतो, त्यामुळे पोळ्याच्या आठ दिवस आधी कॅश ऑन डिलिव्हरी बंद करावी.

कोणाच्या कामाचं नाही

फक्त आपल्या तालुक्यात सेवा देणाऱ्याला, म्हणजे ड्रोन फवारणी, मोटर रिवाइंडिंग, लग्नाचे फोटो अशा कामांना, ट्रेंड्सचा जवळजवळ उपयोग नाही. तिथली मागणी कृषी सेवा केंद्रावर, आठवडी बाजारात आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरते. गूगलपर्यंत येतच नाही. त्यांनी तो वेळ नकाशावर दुकानाची नोंद नीट करण्यात घालवावा.

जाहिरातीच्या कमाईवर डोळा ठेवून विषय निवडणाऱ्यांसाठी यूट्यूबचे नियम लक्षात असू द्यावेत: जाहिरातीतला वाटा मिळायला १,००० सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं हवं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. अरुंद विषयात सबस्क्रायबर हळू वाढतात, पण माणूस प्रश्न घेऊन आलेला असतो म्हणून व्हिडिओ शेवटपर्यंत बघतो. तासांची अट त्यामुळे आधी पूर्ण होते असं बऱ्याचदा दिसतं.

ट्रेंड्सचे आकडे नमुन्यावरून काढलेले असल्याने तोच आलेख दुसऱ्या दिवशी थोडा वेगळा येऊ शकतो. निर्णय घेण्याआधी दोन-तीन वेगळ्या दिवशी बघा आणि प्रत्येक वेळी सीएसव्ही फाइल (आकड्यांचा तक्ता) उतरवून ठेवा. पहिले दहा-बारा व्हिडिओ झाले की ट्रेंड्सपेक्षा चांगली यादी तुमच्याच यूट्यूब स्टुडिओत तयार होते: अॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्स, त्यात ‘यूट्यूब सर्च’. लोकांनी काय टाइप केलं आणि तुमच्या व्हिडिओवर आले, ते तिथे शब्दशः दिसतं. त्यातला जो प्रश्न तुमच्या एकाही शीर्षकात नाही, तो पुढचा व्हिडिओ.